रक्तबिंदूत मेंदूची वार्ता

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. वडीलधाऱ्या माणसाने एकच प्रश्न चार वेळा विचारला, पूजेच्या वेळी ताम्हन कोठे ठेवले ते त्याला आठवेनासे झाले, किंवा सुनेला लेकीच्या नावाने हाक मारली, की घरातील मंडळी ही म्हण उच्चारून मोकळी होतात. 'म्हातारचळ' हा शब्दही त्याच जातीचा. त्यात थोडी थट्टा आहे, थोडा वैताग आहे, आणि वय झाले की असे होणारच अशी एक समजूतही आहे. ही समजूत किती खरी आणि किती खोटी, हे ठरविण्याचे साधन मात्र आजवर आपल्या हाती नव्हते; कारण ज्या इंद्रियात हा बिघाड होतो ते मेंदू नावाचे इंद्रिय कवटीच्या पेटीत बंद असते, आणि जिवंतपणी ती पेटी उघडून पाहण्याची सोय नसते. गेल्या काही वर्षांत ही अडचण एका अनपेक्षित बाजूने दूर होऊ लागली आहे. दंडातून काढलेल्या चमचाभर रक्तावरून मेंदूत काय चालले आहे ते ओळखण्याची विद्या वैद्यकाला हळूहळू साध्य होत आहे. ती कशी साध्य झाली, तिची मर्यादा कोठवर, आणि आपल्यासारख्या सामान्य कुटुंबवत्सल माणसांनी तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्या कथेचा आरंभ जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरी झाला. १९०१ च्या नोव्हेंबर महिन्यात तेथील मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिची स्मृती ढासळली होती, नवऱ्याविषयी तिच्या मनात संशय भरला होता, आणि स्वतःचे नाव लिहावयास सांगितले असता तेही तिला धड लिहिता येत नव्हते. अलॉइस आल्त्सहायमर नावाच्या वैद्याने तिची तपासणी केली आणि तिच्या उत्तरांची बारकाईने टिपणे ठेवली. पुढे तो म्यूनिक येथे गेला, पण त्या स्त्रीला विसरला नाही. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती मरण पावली, तेव्हा त्याने तिचा मेंदू मागवून घेतला, त्याचे पातळ काप केले, चांदीच्या क्षारांनी ते रंगविले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. मज्जापेशींच्या बाहेर त्याला कसल्यातरी पदार्थाचे ठिपके साचलेले दिसले, आणि पेशींच्या आत पिळलेल्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखे काहीतरी आढळले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्यूबिंगन येथे भरलेल्या वैद्यांच्या सभेत त्याने हे निरीक्षण मांडले. १९१० मध्ये क्रेपेलिन ह्या ख्यातनाम मनोविकारतज्ज्ञाने आपल्या ग्रंथात ह्या रोगाला आल्त्सहायमरचे नाव दिले. आपण त्याला अल्झायमरचा रोग म्हणतो.

ह्या हकिगतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वैद्याने रुग्णाला जिवंतपणी पाहिले, परंतु रोग पाहिला तो मृत्यूनंतर. ही तऱ्हा पुढे सुमारे शतकभर कायम राहिली. १९८४ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी ह्या रोगाच्या निदानाचे जे नियम ठरविले, त्यांतही जिवंत माणसाच्या बाबतीत 'संभाव्य' एवढाच शब्द वापरावा, आणि 'निश्चित' हा शब्द मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच उच्चारावा, असे सांगितले होते. म्हणजे मुलाने विचारावे, 'आमच्या आईला नेमके काय झाले आहे?' आणि वैद्याने मनातल्या मनात उत्तर द्यावे, 'ते त्या गेल्यावर सांगता येईल!' ज्या शास्त्राला रोगाची खात्री रोग्याच्या मरणानंतरच पटते, ते शास्त्र त्या रोगावर उपाय तरी कसा शोधणार? औषध दिल्यावर आत काही पालटले की नाही, हे कळण्याचा मार्गच त्याला नसतो.

ते ठिपके आणि ते गुंते कशाचे बनलेले असतात, ह्याचा उलगडा त्याच दशकात झाला. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग ह्या संशोधकांनी बीटा अमायलॉइड नावाचे एक छोटे प्रथिन वेगळे काढले. ठिपके मुख्यतः त्याचेच असतात असे पुढल्याच वर्षी दिसून आले. गुंते हे टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे असतात, हे १९८६ च्या सुमारास सिद्ध झाले. टाऊ हे मूळचे काही दुष्ट प्रथिन नव्हे. मज्जापेशीपासून जे लांब तंतू निघतात त्यांच्या आत मालाची ने-आण करणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, आणि रेल्वेचे रूळ जसे जागच्या जागी जखडून ठेवावे लागतात तसे त्या नळ्यांना सावरून धरण्याचे काम टाऊ करते. रोगात त्याच्या अंगावर ठिकठिकाणी फॉस्फरसयुक्त गट प्रमाणाबाहेर चिकटतात, त्याची पकड सुटते, आणि सुटलेले टाऊ एकमेकांत गुरफटून बसते. आपल्या पुढील विवेचनाची नायक-नायिका म्हणावीत अशी हीच दोन प्रथिने होत.

जिवंत मेंदूत डोकावण्याच्या दोन खिडक्या रक्ताच्या आधी उघडल्या होत्या. पहिली पाठीच्या कण्याची. मेंदू व मज्जारज्जू ह्यांच्याभोवती एक स्वच्छ द्रव खेळत असतो, आणि कमरेच्या मणक्यांमध्ये सुई घालून तो काढण्याची युक्ती १८९१ मध्ये क्विंके ह्या जर्मन वैद्याने रूढ केली. आपल्याकडे ह्याला लोक 'पाठीतले पाणी काढणे' म्हणतात, आणि त्याचे नाव निघताच घाबरतात. १९९० नंतरच्या दशकात असे दिसून आले की, अल्झायमरच्या रोग्यांत ह्या पाण्यातील ४२ घटकांचे अमायलॉइड कमी झालेले असते आणि टाऊ वाढलेले असते. दुसरी खिडकी पॉझिट्रॉन चित्रणाची. अमायलॉइडला चिकटणारा एक किरणोत्सर्गी पदार्थ शिरेतून द्यावयाचा आणि तो मेंदूत कोठे कोठे साचतो त्याचे चित्र यंत्राने टिपावयाचे, ही पद्धत पिट्सबर्ग येथील क्लंक व मॅथिस ह्यांनी सिद्ध केली. तिचा माणसावरील पहिला प्रयोग २००२ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे झाला. जिवंत माणसाच्या मेंदूतील ठिपके अशा रीतीने चित्रात दिसू लागले. परंतु त्या पदार्थातील कार्बनचे अर्धे अणू सुमारे २० मिनिटांत विरून जातात, त्यामुळे तो तयार करणारे यंत्र रुग्णालयाच्या आवारातच असावे लागते. पुढे जास्त टिकाऊ पदार्थ निघाले, तरी हे चित्रण महागच राहिले. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आजोबांना ह्या दोन्ही खिडक्या जवळजवळ बंदच म्हणावयाच्या.

मग रक्ताकडे आधीच का वळले नाहीत, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. ह्याचे कारण असे की, मेंदू हा शरीरातील मोठा सोवळा अवयव आहे. १८८५ मध्ये पाउल एर्लिख ह्याने प्राण्याच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सर्व अवयव रंगले पण मेंदू कोराच राहिला. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की रक्तातील पुष्कळसे पदार्थ मेंदूत शिरू शकत नाहीत, आणि मेंदूतील मोठे रेणूही सहज बाहेर पडू शकत नाहीत. तरीही हे सोवळे अगदी कडेकोट नाही. मेंदूभोवतीचे पाणी एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असते, परंतु दिवसाकाठी ते सुमारे ५०० मिलिलिटर तयार होते; म्हणजे दिवसातून तीन-साडेतीन वेळा ते नवे होते, आणि जुने अखेर रक्तातच मिसळते. घरातील माणसे बाहेर पडत नसली तरी मोरीच्या पाण्यावरून आत काय शिजले ते कळावे, तसा हा प्रकार आहे.

पण ही मोरी एका फार मोठ्या नदीला मिळते. एक मिलिलिटर रक्तद्रवात एकट्या अल्ब्युमिन ह्या प्रथिनाचे वजन सुमारे ४० मिलिग्रॅम भरते. उलट, मेंदूतून आलेले विकृत टाऊ तेवढ्याच रक्तद्रवात एक पिकोग्रॅमच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी असते. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा हिस्सा. गवताच्या गंजीत सुई शोधणे ह्यापुढे पोरखेळ वाटावा! शिवाय दुसरी एक गुंतागुंत अशी की, अमायलॉइड केवळ मेंदूतच तयार होत नाही. रक्तातील बिंबिकांसारख्या इतर ठिकाणांहूनही ते येते. त्यामुळे मेंदूतील बदलाचा आवाज बाहेरच्या गलबल्यात बुडून जातो. पाठीच्या पाण्यात अमायलॉइडचे जे गुणोत्तर ४० ते ५० टक्क्यांनी घटलेले दिसते, ते रक्तात केवळ १० ते १५ टक्क्यांनीच घटलेले आढळते.

ही अडचण दोन प्रकारच्या यंत्रांनी सोडविली. पहिल्या प्रकारात मोजणीची रीतच बदलली. पूर्वी द्रवाच्या एकंदर रंगावरून प्रथिनाचा अंदाज घेत. प्रथिन फारच थोडे असले तर रंग उमटतच नसे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या रीतीत प्रतिपिंडांचे लेप दिलेले अतिसूक्ष्म मणी रक्तद्रवात सोडतात. प्रत्येक मण्याला हव्या त्या प्रथिनाचा एखादा रेणू चिकटतो किंवा चिकटतच नाही. मग ते मणी लक्षावधी चिमुकल्या खळग्यांच्या पाटीवर पसरतात. एका खळग्यात एकच मणी मावतो. रेणू चिकटलेल्या मण्याचा खळगा उजळतो, बाकीचे काळोखात राहतात. मग पेटलेल्या पणत्या मोजाव्यात तसे उजळलेले खळगे मोजावयाचे. जुन्या रीतीला जे दिसत नसे त्याच्या हजारपट विरळ प्रथिनही अशा रीतीने मोजता येऊ लागले.

दुसऱ्या प्रकारचे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. ते रेणूंना विद्युद्भार देऊन त्यांच्या वजनानुसार त्यांची निवड करते. जपानमधील शिमाद्झू संस्थेचे कोइची तानाका ह्यांना प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंचे असे वजन करण्याच्या पद्धतीसाठी २००२ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या सहभागाने जपानी व ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०१८ मध्ये असे दाखविले की, रक्तातील अमायलॉइडच्या निरनिराळ्या तुकड्यांच्या गुणोत्तरावरून मेंदूत ठिपके आहेत की नाहीत हे पुष्कळ अचूकपणे सांगता येते. अमेरिकेतील सेंट लुइस येथे बेटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही त्याच सुमारास हाच निष्कर्ष स्वतंत्रपणे काढला होता.

आता रक्तात नेमके काय पाहतात ते सांगावयास हवे. पहिली खूण अमायलॉइडची. ह्या प्रथिनाचे दोन तुकडे प्रामुख्याने आढळतात: एक ४० घटकांचा, दुसरा ४२ घटकांचा. दुसरा अधिक चिकट असतो आणि ठिपक्यांत तोच आधी अडकतो. व्यापाऱ्याने माल कोठारात दडवून ठेवला की बाजारात त्याचा तुटवडा पडतो, त्याप्रमाणे मेंदूत ४२ चा तुकडा साचू लागला की बाहेर तो कमी दिसू लागतो. रक्तातील हा तुटवडा म्हणजे मेंदूतील साठेबाजीचा पुरावा होय. मात्र हा फरक लहान असल्यामुळे मोजणीत किंचित चूक झाली तरी निष्कर्ष उलटतो.

दुसरी खूण टाऊची, आणि आजमितीस तीच सर्वांत विश्वासार्ह ठरली आहे. टाऊच्या सर्वांत लांब साखळीत ४४१ घटक असतात. त्यांपैकी २१७ व्या जागी फॉस्फरसयुक्त गट चिकटलेले टाऊ अल्झायमरच्या रोग्यांच्या रक्तात ठळकपणे वाढलेले असते. अमायलॉइड घटते तर हे टाऊ अनेकपट वाढू शकते. म्हणून त्याची मोजणी अधिक भरवशाची. २०२० मध्ये स्वीडनमधील लुंड येथील पाल्मक्विस्ट व हान्सन ह्यांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात तीन निरनिराळ्या गटांचे रक्त तपासले होते. एका गटात मृत्यूनंतर ज्यांच्या मेंदूची तपासणी झाली अशी अमेरिकेतील ॲरिझोनामधील माणसे होती, म्हणजे रक्ताची साक्ष प्रत्यक्ष मेंदूशी ताडून पाहता आली. दुसरा गट स्वीडनमधील होता. तिसरा गट दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशातील एका विस्तृत कुळाचा. ह्या कुळात एका जनुकातील दोषामुळे चाळिशीच्या मध्यावरच माणसाची बुद्धी ढासळू लागते. त्या दोषाचे वाहक असलेल्यांच्या रक्तात हे टाऊ सुमारे पंचविसाव्या वर्षापासूनच इतरांपेक्षा वाढलेले आढळले. म्हणजे विस्मृतीच्या पहिल्या खुणेच्या सुमारे २० वर्षे आधी!

ह्या एका निरीक्षणाने 'साठी बुद्धी नाठी' ह्या म्हणीचा अर्थच पालटतो. साठीत जे दिसते त्याची सुरुवात चाळिशीत, आणि क्वचित त्याही आधी झालेली असू शकते. हा वयाचा अटळ परिणाम नव्हे. हा एक रोग आहे, त्याला आरंभ आहे, क्रम आहे, आणि तो सर्वांना होत नाही. ऐंशीव्या वर्षी तल्लख असलेली माणसे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेली आहेत.

तिसरी खूण मज्जातंतूंच्या सांगाड्याची. तंतू तुटले की त्यांतील न्यूरोफिलामेंट नावाच्या प्रथिनाचे तुकडे रक्तात येतात. घर कोसळले की रस्त्यावर विटा येऊन पडतात, तसेच हे. विटांवरून घर पडले एवढे कळते. भूकंपाने पडले की पुराने, ते कळत नाही. म्हणून ही खूण अल्झायमरपुरती नाही. डोक्याला मार लागला, मज्जातंतूंची आवरणे झिजू लागली, स्नायू लुळे पाडणारा घातक विकार जडला, तरी ती वाढते, आणि निव्वळ वयानेही वाढते. तरी तिचा उपयोग मोठा आहे. सॉड-१ ह्या जनुकातील दोषामुळे होणाऱ्या स्नायुविकारावरील टोफर्सेन ह्या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२३ मध्ये जी त्वरित मान्यता दिली, ती औषधाने रक्तातील न्यूरोफिलामेंट घटते ह्या पुराव्याच्या आधारे. औषध मेंदूपर्यंत पोचून काम करीत आहे ह्याची वार्ता रक्ताने आणावी, आणि ती ग्राह्य धरली जावी, हा प्रसंग लहान नव्हे. चौथी खूण मज्जापेशींची सेवा करणाऱ्या तारकाकृती पेशींतील एका प्रथिनाची. त्या पेशी उत्तेजित झाल्या की ते रक्तात वाढते.

सर्वच विकारांच्या बाबतीत रक्त इतके बोलके नाही, हेही सांगणे अवश्य आहे. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन ह्याने ज्या कंपवाताचे वर्णन केले, त्यात अल्फा-सिन्युक्लीन नावाचे प्रथिन मज्जापेशींत साचते. ते रक्तात शोधावे तर पंचाईत अशी की, तांबड्या पेशी मुळातच ह्या प्रथिनाने भरलेल्या असतात. रक्तातील जवळजवळ सर्व साठा त्यांच्यातच असतो. नमुना घेताना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या तरी मेंदूतून आलेला अंश त्यात लोपून जातो. ह्या रोगासाठी पाठीच्या पाण्यावरील चाचणीने चांगले यश मिळविले आहे. रक्तावरील प्रयत्न अद्याप प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आहेत.

आता व्यवहारातील कसोटी. स्वीडनमधील साधे दवाखाने आणि विशेष रुग्णालये ह्यांत विस्मृतीची तक्रार घेऊन आलेल्या १२१३ रुग्णांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्झायमर आहे किंवा नाही हे नेहमीच्या तपासणीवरून सांगताना साध्या दवाखान्यातील डॉक्टर १०० पैकी ६१ वेळा बरोबर ठरले, आणि ह्या विषयातील तज्ज्ञ ७३ वेळा. टाऊ व अमायलॉइड ह्यांवर आधारलेली रक्ताची चाचणी मात्र ९१ वेळा बरोबर ठरली. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा एका चाचणीला प्रथमच परवानगी दिली. परंतु ती ५५ वर्षांवरील आणि लक्षणे असलेल्या माणसांसाठी, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

ह्या अटी उगाच घातलेल्या नाहीत. त्यांमागील गणित साधे असून ते प्रत्येक सुशिक्षित माणसाने समजून घ्यावे असे आम्हांस वाटते. समजा, एखादी चाचणी रोग असलेल्या १०० पैकी ९० माणसांना ओळखते, आणि रोग नसलेल्या १०० पैकी ९० माणसांना निरोगी ठरविते. विस्मृतीच्या तक्रारीने आलेल्या १००० वृद्धांपैकी निम्म्यांना खरोखरच रोग आहे असे धरू. ५०० पैकी ४५० जणांना चाचणी ओळखील, आणि उरलेल्या ५०० निरोग्यांपैकी ५० जणांना चुकून रोगी म्हणेल. म्हणजे ज्यांना 'रोग आहे' असे सांगितले त्यांत दहांपैकी नऊ खरे. आता हीच चाचणी काहीही तक्रार नसलेल्या १००० माणसांवर करू, ज्यांत रोग फक्त १०० जणांना आहे. त्यांतील ९० ओळखले जातील. परंतु ९०० निरोग्यांपैकीही ९० जण चुकून रोगी ठरतील. म्हणजे रोगी ठरविलेल्या १८० माणसांपैकी बरोबर निम्मी माणसे निष्कारण घाबरतील! चाचणी तीच, रक्त तसेच. पण कोणाचे रक्त तपासले ह्यावर उत्तराचे मोल ठरते. हौस म्हणून किंवा भीतीपोटी ही तपासणी करून घेऊ नये, ह्याचे कारण हे आहे.

शिवाय रक्त हे सर्व शरीराचे आहे, एकट्या मेंदूचे नव्हे. मूत्रपिंडे अशक्त असली तर टाऊ व न्यूरोफिलामेंट हे दोन्ही रक्तात साचतात आणि मेंदूचा दोष नसताना तसा आभास होतो. देह स्थूल असला तर तीच प्रथिने विरळ दिसतात. मधुमेहाने व रक्तदाबाने मूत्रपिंडे बिघडलेल्या वृद्धांची संख्या आपल्या देशात थोडी नाही. तेव्हा परदेशात ठरविलेले आकडे येथे जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरेल. आपल्या देशात साठीपुढील माणसांची जी राष्ट्रव्यापी पाहणी झाली, तीवरून २०२३ मध्ये असा अंदाज प्रसिद्ध झाला की, त्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. ह्या पाहणीत रक्ताचे नमुनेही घेण्यात आले होते. आपल्या माणसांसाठी आपले आकडे ठरावेत, ह्या दिशेने ते एक आवश्यक पाऊल होय.

ह्या चाचणीची गरज आज अधिक भासू लागली, त्यालाही कारण आहे. मेंदूतील अमायलॉइड दूर करणारी लेकानेमॅब व डोनानेमॅब ही औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२३ व २०२४ च्या जुलै महिन्यात संमत झाली. ती रोग बरा करीत नाहीत. लेकानेमॅबने १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाला, एवढेच. काहींच्या मेंदूत त्यामुळे सूज येते किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो. अशी औषधे ज्याला तो रोग नाही त्याला देणे हा अपराधच ठरेल, आणि ज्याला आहे त्याला ती आरंभीच दिली तर त्यांतल्या त्यात उपयोग. म्हणून निदानाची निश्चिती आता केवळ नाव देण्यापुरती उरलेली नाही.

येथवर रक्त काय सांगते ते पाहिले. आता ते काय सांगत नाही, ते पाहू. अमेरिकेत ६७८ वृद्ध जोगिणींनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मसंघातील भगिनींनी, आपले जीवन अभ्यासासाठी खुले केले आणि मृत्यूनंतर आपला मेंदू देण्याचे वचन दिले. त्यांच्यातील एक भगिनी १०१ व्या वर्षी वारली. अखेरपर्यंत तिची बुद्धी उत्तम होती. परंतु तिच्या मेंदूत ठिपके व गुंते विपुल आढळले. रोग होता, रोगी मात्र नव्हती! आज तिच्या रक्ताची तपासणी झाली असती तर तिने काय सांगितले असते, हे वाचकांनीच ताडावे.

ह्याच्याशी निगडित असे एक संशोधन आपल्या अगदी जवळचे आहे. हैदराबाद येथील निजाम वैद्यकीय संस्थेत सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची नोंद तपासली व २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत रोगाची लक्षणे एकभाषी माणसांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा प्रकट झालेली आढळली, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. म्हणजे केवळ शाळा-शिक्षणाचा तो परिणाम नव्हता. घरी मराठी, बाजारात तेलुगू किंवा कानडी, कचेरीत हिंदी वा उर्दू, अशा वातावरणात वाढलेल्या आम्हां सीमेवरच्या आणि सीमेपलीकडच्या मराठी भाषकांना ह्या निष्कर्षाचे विशेष अगत्य वाटावे. ज्या बहुभाषिकतेला आपण कधी ओझे मानले, ती मेंदूच्या गंगाजळीत पडलेली शिल्लक असावी. ही शिल्लक रक्ताच्या चाचणीत दिसत नाही. नुकसान किती झाले ते रक्त सांगू शकेल. ते सोसण्याचे बळ त्या माणसात किती आहे, ते नाही.

भाषेचाच आणखी एक मुद्दा आहे. स्मृतीची परीक्षा आजही मुख्यतः शब्दांनी घेतात: काही शब्द लक्षात ठेवा, प्राण्यांची नावे सांगा, हे वाक्य पुन्हा म्हणा. घरात मराठीवाचून दुसरी भाषा न बोललेल्या आजीबाईंना ही परीक्षा परक्या भाषेत द्यावी लागली, तर त्या नापास झाल्या ह्यात दोष मेंदूचा की भाषेचा? रक्ताला भाषा नसते, ही त्याची मोठी सोय आहे. परंतु म्हणूनच रक्ताच्या उत्तरावर विसंबून माणसाशी त्याच्या भाषेत बोलण्याचे कष्ट वैद्याने टाळावेत, असे मुळीच नाही. फ्रांकफुर्टच्या त्या वैद्याने चांदीचे क्षार वापरण्यापूर्वी रोग्याशी दीर्घ संभाषण केले होते, हे विसरता येत नाही.

मग आपण काय करावे? घरातील वडील माणूस विसरू लागले, तर म्हण उच्चारून गप्प बसू नये. थायरॉइड ग्रंथीची मंदता, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता, डोक्याला पूर्वी लागलेला मार, ह्यांनीही बुद्धी मंदावते. ह्यांपैकी पुष्कळ कारणे दूर करता येतात, आणि पहिल्या दोहोंची तपासणी जिल्ह्याच्या गावीही साध्या रक्तचाचणीने होते. आधी ते पाहावे. त्यानंतरही तज्ज्ञाला शंका उरली तर नव्या चाचणीचा विचार करावा. आणि तो करण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे. रक्त त्याचे आहे, मेंदू त्याचा आहे, आणि उरलेल्या वर्षांविषयी जाणून घ्यावे की घेऊ नये हा निर्णयही, जोवर तो करण्याची शक्ती आहे तोवर, त्याचाच आहे. काहींना जाणून घेऊन घरची व्यवस्था लावावीशी वाटेल. काहींना न जाणणेच सुखाचे वाटेल. दोघेही बरोबर आहेत.

सव्वाशे वर्षांपूर्वी जे ज्ञान मृत देहातूनच मिळत असे, ते आज जिवंत माणसाच्या दंडातून मिळू लागले आहे. त्या ज्ञानाने अजून रोग जिंकलेला नाही. परंतु 'म्हातारचळ' म्हणून ज्याची थट्टा होत आली, त्या दुःखाला एक नाव, एक कारण आणि एक माप मिळाले आहे. निदान ह्यापुढे तरी, चौथ्यांदा तोच प्रश्न विचारणाऱ्या आईला चौथ्यांदाही शांतपणे उत्तर द्यावे. त्यासाठी कोणत्याही चाचणीची वाट पाहण्याचे कारण नाही.